बंदुकीतली खडीसाखर

१

काळुरामदादाची बंदूक पेणच्या पोलीस ठाण्यात टेबलावर जुन्या वर्तमानपत्रावर मांडून ठेवली होती. नळी एकीकडं, लाकडी दस्ता दुसरीकडं, आणि दोघांना धरून ठेवणारी मधली पोलादी बॉडी, जिला बंदूकवाले रिसीव्हर म्हणतात, ती कोपऱ्यातून मोडून तिचे दोन तुकडे झालेले. बंदूक फुटली की बघणारे आधी नळीकडं बघतात. मी बॉडीकडं बघते. बार उडतो तेव्हा मागचा सगळा धक्का तिच्या छातीवर बसतो.

मी बतूल मुकादम. नागोठण्याजवळच्या एका कंपनीत माझी अख्खी नोकरी फुटलेले पाइप, तडकलेले बोल्ट आणि मोडलेले शाफ्ट तपासण्यात गेली. लोखंड का मोडलं ते सांगायचं, हा माझा धंदा. रिटायर झाले, रोह्याला घर घेतलं, म्हटलं आता रोज कुंडलिकेच्या काठानं चालायला जायचं आणि कुणाच्या मोडतोडीत नाक खुपसायचं नाही. कुठलं काय! मोडतोड माझ्याच घरात येऊन बसली.

कारण त्या बंदुकीतलं काडतूस माझ्या भावानं, सईदनं भरलेलं होतं.

पेणच्या खाडीकडच्या आमच्या गावात सईदचं शेत आणि काळुरामदादाचं शेत बांधाला बांध लागून. दोघांकडं शेतराखणीची परवान्याची बंदूक. काडतुसं दोघांची सईदच भरायचा, आमच्या अब्बांकडून शिकलेला. त्या सकाळी वालाच्या शेतात डुकरं शिरली म्हणून काळुरामदादानं हवेत बार काढला आणि बंदूक तोंडासमोर फुटली. उजवा डोळा गेला. दवाखान्यात पोलिसांनी विचारलं, काडतूस कुणाचं? तो म्हणाला, सईदनं भरलेलं. झालं! गावानं निकाल लावून टाकला, दारू जास्त भरली म्हणून.

गावात तोंड दाखवायला नको म्हणून सईद माझ्याकडं रोह्याला आला. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून राहायचा. पुढ्यातलं ताट तसंच पडून. स्वतःचे हात उलटेपालटे करून बघायचा आणि दिवसातून कितीदा तरी मला एकच विचारायचा, "बतूल, माझ्याच हातनं झालं असेल काय गो?"

गुन्हा दाखल होईल याची त्याला फिकीर नव्हती. जिवलग दोस्ताचा डोळा आपण घेतला की काय, ह्या एका शंकेनं तो माणूस वाळत चालला होता. मला ते बघवत नव्हतं. म्हणून मी सरळ ठाण्यात जाऊन उभी राहिले.

फौजदार प्रणित तरुण होता, बोलायला सरळ. "मॅडम, मुंबईच्या लॅबचा रिपोर्ट यायला महिने लागतील. सोमवारी मी सईदभाईंवर गुन्हा दाखल करणार. तुम्ही त्यांची बहीण, तुमचं मत कागदावर चालणार नाही. पण बघायचं असेल तर बघा, माझी ना नाही."

मी पर्समधून भिंग काढलं. काडतुसाचं बूड बघितलं, नळी बघितली, मग मोडलेला कोपरा उजेडाकडं धरला.

"अगं बाई," मी मोठ्यानंच म्हटलं. मोडलेल्या पोलादाच्या आत, जिथं कुणाचा हात पोचू शकत नाही अशा जागी, काळा रंग होता.

२

"आधी काडतूस," मी प्रणितला सांगितलं. "दारू जास्त झाली असती तर हे पितळी बूड लोण्यासारखं पसरलं असतं, त्याच्यावर खुणा उमटल्या असत्या. हे बघा, जसं भरलं तसंच आहे. नळीचा काडतूस बसतं तो भागही फुगलेला नाही."

"मग नळीत बोळा? चिखल?"

"खिडकीकडं धरून आतून बघा. उजेडाची वर्तुळं दिसतात ना, एकात एक, सगळी गोल? नळीत काही अडकलं असतं तर तिथं नळीला फुगवटा आला असता आणि वर्तुळं तिथं वेडीवाकडी झाली असती."

त्यानं एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. त्याला मजा वाटत होती हे मला कळलं. मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू. भावाचं दुःख घरी, पण हातात मोडलेलं पोलाद आलं की माझं डोकं आपोआप चालायला लागतं.

"म्हणजे लोखंडच हलकं होतं."

"हलकं? जुनी विलायती बंदूक आहे. मघाशी तुमच्या देखत कानस फिरवून बघितली, कानस घसरते. पोलाद चांगलं कडक आहे. पण नुसतं कडक असून भागत नाही हो. पेणला राहता ना? पापड बघा. अर्धवट सुकलेला पापड वाकवला तर वाकतो, मग फाटतो. खडखडीत सुकलेला वाकतच नाही, टकन मोडतो. चांगलं पोलाद, जोर सोसेनासा झाला की आधी थोडं ताणतं, वाकतं, मग तुटतं. ही बॉडी जराही वाकलेली नाही."

मी तुकडा त्याच्यासमोर धरला. मोडलेली जागा भिंगाखाली दाणेदार, चमचमती दिसत होती, खडीसाखरेचा खडा फोडल्यासारखी. आणि कोपऱ्याला लागून, अंगठ्याच्या नखाएवढा भाग काळा.

"बंदूक बाहेरून नव्यानं काळी केली आहे. गंजू नये म्हणून कारागीर उकळत्या औषधात बुडवून काळी करतात, तसं. ते औषध चिरेत शिरलं. म्हणजे बंदूक काळी केली तेव्हा ही चीर आधीच होती."

प्रणित मागे टेकला. "मॅडम, हे सगळं पटतं मला. पण उद्या वरिष्ठ म्हणतील, बहिणीनं भावाला सोडवलं. चीर पडली कशानं, ते हातात द्या. नाहीतर सोमवार आहेच."

रोह्याला परतून मी सईदला सांगितलं, काडतूस चांगलं होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बहीण हायस म्हणून बोलतेस," म्हणाला. आणि पुन्हा हात बघत बसला. असा राग आला मला! पण तो फौजदार आणि हा भाऊ, दोघं एकच गोष्ट मागत होते. बंदुकीला झालं काय होतं?

३

काळुरामदादा दवाखान्यातून घरी आला होता, म्हणून मी गावाला गेले. ओसरीवर खाटेवर पडलेला, अर्धं तोंड पट्टीत. मला बघून उठायला लागला.

"पडा पडा. बरं वाटतंय का?"

"हाय तसाच." मग हळूच, बायको ऐकत नाही असं बघून, "सईद जेवतो काय?"

ज्याच्यामुळं डोळा गेला असं गाव म्हणतं, त्याच्या जेवणाची ह्याला काळजी.

गोदूबाई, त्याची बायको, पोह्यांची बशी घेऊन आली आणि माझ्याजवळ बसून तिनं पदर डोळ्याला लावला. "काय सांगू गो बतूल, घराला दृष्टच लागली कुणाची. दिवाळीत पोराची गाडी घसरली. मंग कोयता तुटला, नारळ सोलताना, साध्या नारळावर! मंग म्हस आटली. आनि मंग हे." तिनं बोटं कडाकडा मोडली. "भगतानं सांगितलं, कुणाच्या तरी डोळ्यात खुपतंय."

मी हूं हूं करत होते. माझं लक्ष भिंतीकडं होतं. बंदुकीची खुंटी रिकामी होती आणि तिच्यावर झेंडूची सुकलेली माळ लोंबत होती. शेजारच्या देव्हाऱ्यात समई, घंटा, तबक, सगळं आरशासारखं लखलखत होतं.

"निलेशची करामत," गोदूबाई म्हणाली. डोळ्यात पाणी असूनही तिला पोराचं कौतुक लपवता आलं नाही. "पेणमधी वर्कशॉप हाय ना त्याचा. गणपतीच्या प्रभावळी, मुकुट, समया, सगल्यांना मुलामा देतो."

तेवढ्यात निलेशच आला. तिशीतला, दणकट, पण चेहरा उतरलेला. मी बंदुकीचा विषय काढल्याबरोबर तो बोलायला लागला. "आपा, मिथुनला विचारा. त्याच्या कोळंबीच्या तळ्याचं खारं पाणी आमच्या शेतात आलं, तवा बाबांशी त्याचं वाजलं. नळीत चिखल कोंबला असणार त्यानं."

"नळी साफ आहे रे. मी स्वतः बघितली." मग काळुरामदादाकडं वळून विचारलं, "दादा, बंदूक काळी कुणी करून घेतली?"

काळुरामदादानं तोंड भिंतीकडं केलं.

"बंदूक काळीच असते," तो म्हणाला.

वाह रे वाह! मी ती बंदूक लहानपणापासून बघत होते. हात लागून लागून ती राखी पडली होती, काळी कधीच नव्हती. निलेशकडं बघितलं, तर तो अंगणातल्या चपला सरळ करत होता. असल्या कामाला त्या घरातल्या पुरुषानं जन्मात कधी हात लावला नसेल.

जाता जाता बांधावर मिथुन भेटला. मी विचारायच्या आधीच तो तडकला. "मी भांडतो ते तोंडानं भांडतो, बतूलआपा. त्याला दवाखान्यात नेलं ते माझ्याच टेम्पोतनं, म्हाईत हाय? त्या दिवशी त्याच्या शेतात फुटली, माझ्या शेतातलं डुक्कर हाकलताना फुटली असती तर? आमी दोघं त्याच बंदुकीच्या भरवशावर राहतो."

"तू ती बंदूक अलीकडं जवळून बघितलीस?"

"बघितली ना. दिवाळीनंतर. एकदम नवीकोरी दिसत होती. मी म्हटलं पण, काळुकाका, बंदुकीनं कलप लावला काय?"

"मग ते काय म्हणाले?"

"हसले नायत," मिथुन म्हणाला. "नायतर असल्या बोलण्याला ते पयले हसतात."

४

आपल्या भागात बंदुकीचे परवानावाले कारागीर असून असून किती असणार? आणि त्यातला एक रोह्याच्या बाजारातच बसतो. पोपटशेठ. दुकानात गेले तर चष्मा कपाळावर चढवून एअरगन साफ करत होता.

"काळुरामची बंदूक? मी नाय हात लावला बाई."

"शेठ, स्क्रूच्या खाचेतसुद्धा सारखा रंग बसला आहे. इतकं नीट काम इथं दुसऱ्या कुणाला जमतं? नाव सांगा, मी त्याच्याकडं जाते."

कारागिराला चोर म्हटलं तर तो सहन करेल, पण त्याचं काम दुसऱ्याच्या नावावर केलेलं सहन होत नाही. पोपटशेठचा चष्मा खाली आला.

"कोन करनार दुसरा?" मग जीभ चावली. दुकानात दुसरं कुणी नाही हे बघून तो स्टुलावर बसला. "बाई, माझं लायसन जाईल. परवानेवाला स्वतः नाय आला. कायद्यानं दुसऱ्याच्या हातातून बंदूक घ्यायची नसते. पण पोरगं रडकुंडीला आलं होतं, म्हनून घेतली."

"कुठलं पोरगं?"

"त्याचा मुलगा. निलेश."

मी काउंटरवर पुढं वाकले. "आली तेव्हा कशी होती?"

"पांढरीफटक. उघडी. जुना रंग नाय, गंज नाय, काय नाय. म्हटलं घासली असेल. घाई होती त्याला, बाबांना दिवाळीच्या आत पायजे म्हनाला. मी बुडवली औषधात, तेल लावलं, दिली. चीर दिसली असती तर आईशप्पथ परत दिली असती. बारीक चीर उघड्या डोळ्याला दिसते काय?"

दिसत नाही. ते खरं होतं. मी त्याला तसं सांगितलं, तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला.

म्हणजे निलेशनं बापाची बंदूक गुपचूप नेली, काहीतरी करून ती पांढरी केली, आणि मग काळी करून आणली. का? डोकं भणभणत घरी आले. सईद खुर्चीत होता.

"भाई, निलेशनं त्या बंदुकीला काय केलं?"

सईदचे हात मांडीवर थबकले. दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्यानं मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं.

"त्या पोराचं नाव ठाण्यात घेऊ नकोस बतूल," तो म्हणाला. "माझ्यावर काय यायचं ते येऊ दे. तुला आपल्या अब्बांची शपथ हाय."

५

म्हणजे ह्यालाही माहीत होतं! मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगत नाही. तो एवढंच बोलला की दसऱ्याला सोनं द्यायला तो दरवर्षीसारखा काळुरामकडं गेला होता तेव्हा त्यानं बंदूक बघितली होती, आणि ती दुसऱ्याच्या हातात गेल्याचं पोलिसांना कळलं तर पोराला आत टाकतील. बंदूक फुटण्याशी त्याचा संबंध नाही, असंच तो धरून चालला होता. "बंदूक नुसती सजवली होती गो. सजवल्यानं काय फुटते काय?"

सजवली होती.

मी रागारागानं स्वयंपाकघरात गेले. रविवार होता, आमटीला नारळ हवा होता. कोयता उचलला, नारळावर घाव घातला, आणि तशीच थांबले. माझा कोयता माझ्या लग्नातला. त्यानं किती नारळ फोडले असतील याला गणती नाही. साध्या नारळावर कोयता तुटतो होय कधी?

गोदूबाईचा तुटला होता.

झेंडूची सुकलेली माळ आठवली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी, त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पुजतात. बंदूक असली तर बंदूक, कोयता असला तर कोयता. मी नारळ तसाच टाकला.

"भाई, ऊठ. चप्पल घाल."

"कुठं?"

"तुझा दोस्त वाट बघतोय."

रोह्याहून एसटीनं निघालो. वडखळच्या नाक्यावर गाडी रखडली तेव्हा मी सीटवर बसल्या बसल्या चुळबुळत होते, आणि सईद खिडकीबाहेर बघत होता. गावात पोचल्यावर तो काळुरामदादाच्या अंगणातच फणसाखाली थांबला, काही केल्या ओसरी चढेना. बरं, म्हटलं, तिथून ऐक.

निलेश घरीच होता. काळुरामदादा खाटेवर. मी कुणाशी न बोलता गोदूबाईला विचारलं, "तुटलेला कोयता टाकलात का हो?"

"पुजलेलं हत्यार टाकतात काय गो? खाडीत सोडायचा हाय." तिनं देव्हाऱ्यामागून लाल फडक्यातलं बोचकं काढून दिलं.

फडकं सोडलं आणि कोयता चांदीसारखा चमकला. पात्याचा वरचा तुकडा वेगळा. मोडलेल्या जागी मी भिंग धरलं. बघा म्हटलं तर तीच खडीसाखर! तेच दाणे, तसंच टकन मोडणं, आणि कुठंही वाक नाही. मला इतका आनंद झाला की मी हसलेच, आणि मग निलेशचा चेहरा बघून माझं हसू जागच्या जागी विरलं.

"खंडेनवमीला दोन्हींना मुलामा दिलास ना रे?" मी विचारलं.

त्यानं बापाकडं बघितलं. काळुरामदादा म्हणाला, "नाय बोलायचा तू."

"बाबा, राहू दे आता." निलेश खांबाला टेकला. "व्हय आपा. बाबांना दाखवायचं होतं. सगल्या गावाच्या देवांना चमकवतो, आमच्या घरची पूजा का फिकी? रात्रीच्या आत निकेल देऊन पाटावर ठेवली. काय दिसत होती! सईदचाचा पन बघून म्हटले, राजाची बंदूक. पन बाबा भडकले. डुकरांना आरसा दाखवू काय म्हनाले. मंग मी मुलामा उतरवला आनि पोपटशेठकडून काळी करून घेतली."

"उतरवला कशानं?"

"अ‍ॅसिडनं. मुलाम्याच्या आधी पन अ‍ॅसिडच्या टाकीत साफ करायची असते, तशीच परत."

"म्हणजे दोनदा," मी म्हटलं, आणि खाली बसले. आता सांगायचं ते उभ्यानं सांगण्यासारखं नव्हतं. "निलेश, ऐक. पोलाद अ‍ॅसिडात बुडवलं, त्याला मुलामा दिला की हायड्रोजन वायू त्याच्या आत शिरतो. पितळेला त्यानं काही होत नाही, मऊ लोखंडाला फारसं नाही. पण कडक पोलादाला तो आतून ठिसूळ करतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. मग जिथं ताण जास्त, तिथं आपोआप चीर पडते. कोयत्याच्या पात्याला पडली. बंदुकीच्या बॉडीला आतल्या कोपऱ्यात पडली, बार उडाला की सगळा धक्का तिथंच येतो. प्रत्येक बाराला ती चीर वाढली असणार. त्या सकाळी काडतूस नेहमीसारखंच होतं. ते पेलायला बंदूकच उरली नव्हती."

"मंग सगले कसे मुलामा देतात पोलादाला?" त्याचा आवाज चिरकला.

"दिल्याबरोबर भट्टीत तासनतास तापवतात. वायू निघून जातो."

"भट्टी?" तो म्हणाला. "आमच्याकडं समया येतात, आपा. मुकुट येतात. सगलं पितळ. भट्टी कशाला लागते ते मला कुनी सांगितलंच नाय."

कोण सांगणार होतं? देवाच्या घंटेला भट्टी लागत नाही. मूर्तींच्या गावातला तो पोरगा, पितळेवर हात बसलेला, बापाच्या हत्यारालाही देवासारखं सजवायला गेला. चूक एवढीच. दुसऱ्या कुठल्या गावात ती झालीही नसती.

६

निलेश खांबाच्या पायथ्याशी खाली बसला. हात पुढं घेतले आणि बघायला लागला. अगदी असेच हात मी माझ्या व्हरांड्यात दोन आठवडे बघत होते. भावाच्या डोक्यावरचं ओझं मी उतरवलं आणि नेऊन ह्या पोराच्या डोक्यावर ठेवलं. कोडं सुटल्याचा सगळा तोरा माझा उतरला.

"बाबा, तुमचा डोळा मी घेतला," तो म्हणाला.

गोदूबाईनं तोंडात पदर कोंबला. काळुरामदादा खाटेवरून उठायची धडपड करत होता. तेवढ्यात ओसरीची पायरी वाजली.

सईद आत आला. कुणाकडं न बघता तो माझ्यासमोर उभा राहिला. "बतूल, खरं सांग. बहीण म्हणून नको. माझ्या हातनं नाय ना?"

"नाही भाई. कोयत्यात कुठं तुझं काडतूस होतं?"

तेव्हा कुठं त्याला पटलं. तो म्हातारा माणूस सगळ्यांसमोर हमसून हमसून रडला. काळुरामदादा म्हणाला, "अरं येड्या, तुला कुनी सांगितलं मी तुझ्यावर शंका घेतली म्हनून? पोलिसांनी इचारलं काडतूस कुनाचं, मी सांगितलं. मंग पोराचं नाव निघू नये म्हनून गप बसलो. मला वाटलं, सईदला मी कधीपन समजावीन. पोलिसांना नाय समजावता येत."

"आणि हा तिकडं जेवत नव्हता!" मी ओरडले. "दोघं म्हातारे एकाच पोराला वाचवायला तोंड शिवून बसलात. एकानं जरी तोंड उघडलं असतं तर मला नारळ फोडावा लागला नसता!"

माझ्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. सईदनं डोळे पुसले आणि जाऊन निलेशच्या शेजारी जमिनीवर बसला. त्याचे हात धरून खाली केले.

"बघू नको असा हातांकडं. मला म्हाईत हाय कसं वाटतं. त्यात काय सापडत नाय, नुसती भूक जाते." मग म्हणाला, "उद्या ठाण्यात जायचं हाय, खरं सांगायला. मी येतो तुझ्यासंगती."

"तुमच्यावर आळ आला माझ्यामुळं, चाचा."

"आला नि गेला. ऊठ, आधी जेवू. माझ्या पोटात कावळे कोकलतायत."

गोदूबाईनं भाकऱ्या टाकल्या. सईद किती जेवला म्हणून सांगू!

सोमवारी सकाळी आम्ही एका रिक्षात कोंबून बसलो. काळुरामदादाला घरी राहा म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण तो ऐकणाऱ्यातला नाही. ठाण्यात मी तुटका कोयता टेबलावर ठेवला, बंदुकीच्या तुकड्याशेजारी. प्रणितनं आलटून पालटून दोन्हींवर भिंग धरलं, किती तरी वेळ. मग कागद पुढं ओढला. बंदूक दुसऱ्याच्या हातात दिल्याबद्दल कायद्यानं जे व्हायचं ते होईल, म्हणाला, ते त्याला टाळता येणार नाही. निलेशनं मान हलवली. पोपटशेठ मागाहून स्वतःच येणार होता, मी त्याला फोनवर तसं बजावलं होतं.

"आता सांगा," प्रणित म्हणाला. "कुणाची तक्रार, कुणावर?"

"तक्रार कुनाची कुनावर नाय," काळुरामदादा म्हणाला. त्याचा एक हात निलेशच्या खांद्यावर होता आणि दुसऱ्यानं त्यानं सईदचं मनगट धरलं होतं. "पोरगा सगलं सांगंल, ते लिवा. पन साहेब, सगल्यात पयलं हे लिवा, मोठ्या अक्षरात. सईदचं काडतूस चांगलं होतं."